लेकीच्या गोळीचा फर्स्ट पीस

आमच्या घरात दोन वर्षं कुणी मोठ्यानं बोललं नाही. कंपनीत हे कुणाला सांगितलं तर हसून हसून त्याच्या हातातला चहा सांडेल. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो, आणि सगळ्या प्रेस चालू असतानाही माझा आवाज गेटपर्यंत जातो अशी माझी ख्याती आहे. ती खोटी नाही. पण चिंचवडच्या आमच्या फ्लॅटच्या दारात चपलांबरोबर आवाजही काढून ठेवायला मी शिकलो होतो. दारावरची बेल आम्ही काढून टाकली होती. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बायको आतून सांगायची, "शिट्टी होणारे गं." आणि तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. भारताची मॅच आम्ही निकाल कळल्यावर बघायचो. मुलीच्या अठराव्या वाढदिवसाचा केक तिला आदल्या दिवशीच दाखवून ठेवला, कारण तिला आश्चर्याचा धक्का द्यायची आमची हिंमत नव्हती.

हे सगळं तिच्या हृदयासाठी. ती सतरा वर्षांची असताना कॉलेजच्या बक्षीस समारंभात तिचं नाव पुकारलं गेलं, ती आनंदानं उठली, स्टेजच्या तीन पायऱ्या चढली आणि कोसळली. दवाखान्यात ईसीजी काढला, एकदम स्वच्छ. उपाशी असेल, घाबरली असेल म्हणून आम्हाला घरी पाठवलं. चार महिन्यांनी चिंचवड स्टेशनवर लोकल पकडायला ती पुलावरून पळत उतरली आणि प्लॅटफॉर्मवर पडली. या वेळी शुद्धीवर यायला वेळ लागला. मग एका हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं, ज्या फक्त ठोक्यांचेच आजार बघतात. त्यांनी तिला तारा लावून ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. चौथ्या मिनिटाला स्क्रीनवरच्या रेघेनं असे काही आळोखेपिळोखे दिले की बाईंनी स्वतः पुढे होऊन मशीन बंद केलं.

माणूस बसलेला असताना या आजारात हृदय ठणठणीत असतं. माणूस धावला, घाबरला, चिडला किंवा त्याला फार आनंद झाला, की अंगात जे रसायन उसळतं त्यानं ठोके वाट सोडतात, आणि कधीकधी परत येत नाहीत. आजार दुर्मिळ, घराण्यातून येणारा. "घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?" बाईंनी विचारलं.

बायकोनं मान हलवली, नाही. मी म्हटलं, माझी बहीण.

ती पंधराची होती, मी अठराचा. तेव्हा रावेतला टॉवर नव्हते, शेतं होती, आणि उन्हाळ्यात आम्ही बंधाऱ्याजवळ पवना नदीत पोहायला जायचो. ती माझ्यापेक्षा चांगली पोहायची. मी तिच्याशी पलीकडच्या काठापर्यंत शर्यत लावली. अर्ध्यावर तिनं मागे वळून मला वेडावून दाखवलं, हसली, आणि पुढच्या क्षणी ती पाण्यावर नव्हती. लोक म्हणाले पायात गोळा आला असेल. आई जन्मभर म्हणत राहिली, दृष्ट लागली. शर्यत मी लावली होती हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ते पहिल्यांदा त्या डॉक्टरबाईंसमोर सांगितलं, बायकोच्या देखत.

रक्ताचे नमुने तपासायला गेले. मुलीच्या आणि माझ्या, दोघांच्याही नमुन्यात जनुकातली एकच चूक निघाली. मलाही पट्ट्यावर चालवलं, माझ्या रेघेत चारदोन ठोके इकडचे तिकडे झाले, एवढंच. "तुमच्यात सौम्य आहे, तिच्यात जास्त," बाई म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातले दोष शोधत आलो, आणि पोरीतला दोष माझ्या लाइनवरून गेला होता. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तळवड्याच्या चौकात अर्धा तास अडकलो होतो, तेव्हा खिडकीकडे तोंड करून मी रडलो. शेजारच्यानं विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणालो.

दोघांनाही ठोके मंद ठेवणारी गोळी सुरू झाली. मला पुरली, तिला पुरेना. पट्ट्यावर चौथ्याऐवजी पाचव्या मिनिटाला गडबड व्हायची, एवढाच फरक. जोडीला दुसरं औषध दिलं, ते तिला सोसलं नाही. मग राहिला छातीत बसवायचा डबा, जो ठोके बिघडले की आतून विजेचा झटका देतो. पण या आजारात त्या झटक्यानंच माणूस इतका घाबरतो की ठोके आणखी बिघडू शकतात, म्हणून बाईंना तो शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचा होता. एवढं सांगून त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद ओढला.

"त्याआधी एक करून बघू. ही गोळी मुळात डिप्रेशनची आहे."

माझी बायको मूळची तळवड्याची. एरवी ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलते, पण घाबरली की तिचं गाव वर येतं. "मॅडम, तिला तसलं काय बी न्हाई हो," ती म्हणाली. "चांगली हसती, जेवती. तिचं डोकं ठीक हाय."

"डोकं ठीकच आहे तिचं," बाई म्हणाल्या. "हृदयाच्या पेशीत कॅल्शियम साठवलेलं असतं आणि त्याला एक दार असतं. हिचं दार नीट बंद होत नाही, गळतं. ही गोळी मनावर काम करते ती वेगळ्या वाटेनं. पण तीच गोळी ही गळतीसुद्धा कमी करते असं दिसलंय. फार थोड्या पेशंटमध्ये. मी हमी देत नाही. डोस कमी ठेवू, जुन्या गोळीशी तिचं जमतंय का ते दर आठवड्याला बोलावून बघू, सहा आठवड्यांनी परत पट्ट्यावर चालवू."

मुलगी म्हणाली, "म्हणजे गोळी एका कामाची आणि वापरायची दुसऱ्याला." तिला गंमत वाटली होती.

मला गंमत वाटली नाही. आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये लिहिलंय त्याहून वेगळा पत्रा वापरायचा असेल तर आधी डेव्हिएशन भरावं लागतं. किती पीससाठी, किती दिवसांसाठी, कशासाठी, आणि जबाबदार कोण, असा तो कागद असतो. सहीशिवाय मी एक पीस पुढे जाऊ देत नाही. मी बाईंना विचारलं, "याचा काही कागद?" त्यांनी खरोखरच कागद काढला. गोळी या आजारासाठी मंजूर नाही, धोके समजावून सांगितले, आम्हाला मान्य आहे. खाली मुलीची सही, माझी सही, बाईंची सही. माझा जीव जरा भांड्यात पडला.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणून बायकोला विचारलं, "ताई, मुलीला काही टेन्शन वगैरे? आजकाल पोरं मनाला फार लावून घेतात." बायको म्हणाली, "हार्टची गोळी आहे." त्यानं अशा समजूतदारपणे मान डोलावली की घरी येईपर्यंत ती धुमसत होती. आतापर्यंत आम्ही लोकांपासून हृदय लपवत होतो, पोरीचं लग्न वगैरे पुढं आहे म्हणून. आता हृदय सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

खरी गडबड त्या खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदामुळे झाली. औषधाबरोबरचे कागद सगळेजण फेकतात, मी वाचतो. जेवणाच्या टेबलावर ट्यूबखाली धरून, बारीक अक्षर बघायची भिंगाची काच लावून वाचला. धोक्यांच्या यादीत मधेच एक ओळ होती, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडल्याचं आढळलं आहे, असे आजार असणाऱ्यांनी जपून घ्यावी. मी ती ओळ चार वेळा वाचली. ठोके बिघडतात म्हणून दिलेली गोळी, आणि तिनंच ठोके बिघडतात.

शहाण्या माणसानं त्या क्षणी डॉक्टरबाईंना फोन केला असता. माझ्याकडे त्यांचा नंबर होता. पण बावीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाचं डोकं सरळ चालत नाही. सप्लायरनं माल पाठवला, सोबत त्याचं टेस्ट सर्टिफिकेट आलं, तरी आम्ही आपला नमुना आपणच तपासतो. आणि प्रेसमधली डाय, म्हणजे साचा, बदलली की पहिला निघालेला पीस आधी तपासायला येतो. त्याला आम्ही फर्स्ट पीस म्हणतो. तो पास झाल्याशिवाय मशीन पुढं चालवायचं नाही, मग मालक येऊन उभा राहिला तरी. हा नियम मी इतक्या पोरांच्या डोक्यात घातलाय की तो माझ्या डोक्यातून निघणं शक्यच नव्हतं.

मी विचार केला, तीच चूक माझ्या रक्तात आहे, तीच जुनी गोळी मीही घेतो. तिच्या आधी तपासायला माझ्याइतका योग्य पीस कुठं मिळणार? मला काही झालं नाही तर तिला होणार नाही. झालं, तर मला होईल. एका पोरीला मी शर्यत लावून पाण्यात पाठवलं होतं. दुसरीला आधी मी उतरल्याशिवाय पाठवणार नव्हतो.

तिच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा दर रविवारी नाश्ता झाल्यावर मीच भरायचो. त्या रविवारी नव्या औषधाच्या सातही कॅप्सूल मी माझ्या पाकिटात ठेवल्या आणि तिच्या खणांत तशाच रंगाच्या बी-कॉम्प्लेक्सच्या टाकल्या. आठवडाभरच रोज एक मी घेणार, असं ठरवलं होतं. पण बाई म्हणाल्या होत्या की ही गोळी अंगात भिनायलाच आठवडे लागतात, मग एका आठवड्यात काय कळणार? दोन झाले. दोनाचे तीन झाले. ती रोज सकाळी पाणी पिऊन जीवनसत्त्व गिळायची आणि फ्रिजवरच्या तक्त्यात खूण करायची. तो तक्ताही मीच बनवून दिलेला. तारीख, सकाळ, रात्र, सही.

मला काहीही झालं नाही. उलट झालं ते वेगळंच. त्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला, माझ्या जागेवर दुसऱ्याची गाडी तीन दिवस उभी होती, आणि मी म्हणालो, "जाऊ द्या, काढतील." सेक्रेटरी माझ्याकडे बघतच राहिला. कंपनीत एक अख्खा लॉट रिजेक्ट झाला तरी मी खुर्चीत बसून बोललो. बायको म्हणाली, "अहो, तुमचं काय बिनसलंय का? भांडत का नाही?" एका रविवारी लग्नाला रावेतला गेलो होतो. परत येताना पुलावर मी खिडकीतून नदीकडे बघितलं. तीस वर्षांत मी तिथं मान दुसरीकडे वळवत आलोय. गोळीमुळे बघितलं की आपसूक, मला माहीत नाही. पण बघितलं, आणि बहिणीचं हसणं आठवलं, फक्त हसणं.

तीन आठवड्यांनी मी मनातल्या मनात फर्स्ट पीस पास केला. पुढच्या रविवारी डबा नीट भरला. विषय संपला, असं मला वाटलं होतं.

सहा आठवडे झाल्यावर आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मुलीला तारा लावल्या, पट्टा सुरू झाला. पाच मिनिटांपर्यंत रेघ शहाण्यासारखी चालली. सहावं मिनिट लागलं आणि ठोके जोडीजोडीनं घसरायला लागले. बाईंनी मशीन थांबवलं. तिला आडवं करून, शांत होऊ देऊन, मग आत बोलावलं.

"थोडा फरक आहे," त्या म्हणाल्या, "पण सहा आठवडे पूर्ण घेतल्यावर एवढाच असेल, तर या गोळीवर मी तिचा जीव सोपवणार नाही. बंद करू आणि छातीतल्या डब्याची तारीख घेऊ." त्यांनी डायरी उघडली.

सहा आठवडे पूर्ण. मी खुर्चीत बसून होतो आणि मला आमचा एक ऑपरेटर आठवत होता. संसारी माणूस, दोन लेकरांचा बाप. दर तासाला पीस मोजून आकडा लिहायचा असतो, त्यानं बसल्या जागी आठ तासांचे आकडे लिहून टाकले होते. मी त्याला सगळ्या कामगारांसमोर उभं करून विचारलं होतं, "खोट्या आकड्यावर उद्या कुणी ब्रेक लावला आणि लागला नाही, तर?" तो मान खाली घालून रडला होता. त्याला कामावरून काढावं असं पत्र मीच लिहिलं होतं. आणि इथं मी मूग गिळून बसलो होतो. बोललो असतो तर पोरीसमोर, बायकोसमोर, बाईंसमोर उघडा पडलो असतो. मी स्वतःशी म्हणत होतो की डबा बसला तर काय वाईट, सुरक्षितच राहील. माणूस स्वतःला वाचवायला किती पटकन कारणं शोधतो ते मी त्या पाच मिनिटांत बघितलं.

बाईंनी तारीख लिहिली. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. बायको बिलाच्या खिडकीकडे गेली.

मुलीनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. फ्रिजवरचा तक्ता होता. बाईंना दाखवायला तिनं बरोबर आणला होता आणि दाखवायचं राहून गेलं होतं. तिनं बोटानं एकेक ओळ तपासली.

"पप्पा, मी एकही चुकवली नाही ना?" ती म्हणाली. "बेचाळीस खुणा आहेत. मग काय चुकलं असेल माझं? एक दिवस मी चहाबरोबर घेतली होती. त्यानं असं होतं का?"

तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. हळूहळू श्वास घेत होती. रडायचंही तिनं मोजूनमापून करायचं असं आम्हीच तिला शिकवलं होतं.

मी उठलो आणि दार न वाजवता बाईंच्या खोलीत गेलो. आत दुसरा पेशंट होता. मी म्हटलं, "मॅडम, तारीख खोडा. तिनं सहा आठवडे घेतलीच नाही. तीनच घेतली. आधीचे तीन आठवडे मी खाल्ली." बाईंनी त्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं. मागे वळलो तर मुलगी दारात उभी होती, तक्ता हातात घेऊन.

मी सगळं सांगितलं. कागदावरची ओळ, फर्स्ट पीस, बी-कॉम्प्लेक्स. बोलताना ते इतकं मूर्खपणाचं वाटत होतं की मधेच थांबावंसं वाटलं, पण थांबलो नाही.

बाई चिडल्या, आणि चांगल्याच चिडल्या. "तुमची जुनी गोळी आणि ही, दोन्ही मिळून ठोके किती मंद होऊ शकतात माहितीये? तिला मी दर आठवड्याला बोलावून तपासत होते. तुम्हाला कोण तपासत होतं? गाडी चालवताना चक्कर आली असती तर? आणि मी या खोट्या परीक्षेवर पोरीच्या छातीत मशीन बसवणार होते." मग त्यांनी माझाही ईसीजी काढायला लावला. तो नीट होता. त्या कागदावरच्या ओळीबद्दल त्यांनी पाच मिनिटांत समजावून सांगितलं. ठोक्यांचे आजार अनेक असतात, तो इशारा मुख्यतः दुसऱ्या एका आजाराला लागू होतो, आणि हिचं त्या बाजूचं मोजमाप त्या दर वेळी बघतच होत्या. पाच मिनिटं. एका फोनचं काम होतं.

"आता पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं," त्या म्हणाल्या. "पूर्ण सहा आठवडे. आणि गोळ्यांचा डबा तुम्ही भरायचा नाही."

आता मुलगी माझ्याकडे वळली. दोन बोटं मानेवर, ठोके मोजत. "पप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "मला तुमच्यावर ओरडायचंय. पण आत्ता नाही ओरडता येणार. रिपोर्ट चांगला आल्यावर ओरडेन. तोपर्यंत माझ्याशी बोलू नका."

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. बायको पहिले दोन दिवस माझ्याशी फक्त भांड्यांमधून बोलली, तेही हळू आदळून. मग एक दिवस पोळी वाढताना म्हणाली, "तुमी आधी खाल्ली, ते मला कळतंय. पर तिला इच्यारायचं तरी." तिचं बरोबर होतं. पोरीच्या हृदयावर मी ट्रायल घेतली आणि पोरीलाच विचारलं नाही.

मुलगी आता डबा स्वतः भरायची. तक्त्यात तिनं एक रकाना वाढवला, साक्षीदार. रोज सकाळी ती कॅप्सूल तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरायची, मी बघायचो, ती गिळायची, मी सही करायचो. एक शब्द नाही. कंपनीत ऑडिटरनंही मला इतकं धारेवर धरलेलं नाही. मी मात्र त्या एका मिनिटाची सकाळपासून वाट बघायचो, कारण दिवसभरात ती तेवढीच माझ्याजवळ उभी राहायची. त्या दिवसांत मी आणखी एक केलं. त्या ऑपरेटरला शोधून काढलं. तो मोशीजवळ एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागला होता. मी त्याला चहा पाजला आणि माझी गोष्ट सांगितली. तो ऐकून म्हणाला, "सर, म्हंजी तुमी बी रीडिंग बसूनच भरलं व्हय?" आणि इतका हसला की टपरीवाला वळून बघायला लागला. मीही हसलो. त्यानं मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही.

शेवटच्या तपासणीला पुन्हा तीच खोली, तोच पट्टा. बायको भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. मी स्क्रीन बघत होतो. चौथं मिनिट गेलं. पाचवं गेलं. सहावंही गेलं. सातवं लागलं, पट्टा चढाला लागला, तिच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. एक ठोका चुकला. एकटाच. मग रेघ पुन्हा आपल्या वाटेला लागली. आठ. नऊ. नवव्या मिनिटाला मुलगीच म्हणाली, "मॅडम, पाय दुखले हो." दोन वर्षांत पहिल्यांदा ती हृदयाआधी पायांमुळे थांबली होती.

"गोळी काम करतेय," बाई म्हणाल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मग लगेच बजावलं की आजार गेलेला नाही, दोन्ही गोळ्या चालू राहतील, एकही दिवस चुकवायचा नाही, शर्यती नाहीत, एकटीनं पाण्यात उतरायचं नाही, दर काही महिन्यांनी यायचं. छातीतल्या डब्याचा विषय सध्या बाजूला. बाकी जिने खुशाल चढायचे, गाणं मोठ्यानं लावायचं, मॅच चालू असताना बघायची.

"मॅडम," मुलीनं विचारलं, "कुणावर ओरडलं तर चालेल?"

"कुणावर?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "थोडं चालेल," त्या म्हणाल्या.

पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचलो तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, थांबा तिथं." मी थांबलो. तिनं पर्स बोनेटवर ठेवली आणि सुरुवात केली. "तुम्ही समजता काय स्वतःला? मी पीस आहे का तुमच्या प्रेसमधला? माझी गोळी, माझं हार्ट, आणि मला न विचारता तुम्ही ठरवणार? तीन आठवडे मी बी-कॉम्प्लेक्सवर खुणा करत बसले!" तिचा आवाज सगळ्या पार्किंगमध्ये घुमला. वॉचमन केबिनमधून बाहेर आला. बायकोचा हात सवयीनं वर गेला, हळू गं म्हणायला, आणि तिनं तो स्वतःच खाली घेतला. आवाज अगदी माझ्यावर गेला होता. हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?" ती ओरडली, आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती ते मोजत नव्हती. "गाडीत चक्कर येऊन तुम्ही गेला असतात तर? आत्यासारखे? मग मी कुणावर ओरडले असते? सांगा ना!"



ती दम घ्यायला थांबली. सवयीनं तिची दोन बोटं मानेवर गेली. आम्ही दोघंही श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिलो. तिनं मोजलं.

"नीट चाललंय," ती म्हणाली, डोळे पुसले, आणि पुन्हा ओरडायला लागली.